वाळवंटात धो धो पाऊस पडतो तेव्हा: शारजातल्या एका चिपळूणकराच्या कामाच्या सूचना

मी चिपळूणचा, वाशिष्ठीच्या काठावर वाढलेला. पाऊस म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज 16 एप्रिल 2024 च्या दुपारपर्यंत होता. त्यात पोटापाण्याचा धंदा बिल्डिंग मेंटेनन्सचा. पंप, टाक्या, लिफ्ट, एसी, हेच 17 वर्षं शारजात करतोय. अशा या हुशार माणसाची गाडी त्या दिवशी बेसमेंटमध्ये टपापर्यंत बुडाली. आणि ती तिथे त्याने स्वतःच्या हाताने नेऊन ठेवली होती.

झालं असं, की त्याच वर्षी फेब्रुवारीत इथल्या अल ऐन शहरात गारा पडल्या होत्या. काचा फुटलेल्या, बॉनेटला पोचे आलेल्या गाड्यांचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे एप्रिलचा इशारा आला तेव्हा माझ्या डोक्यात फक्त गारा. सोमवारी रात्री गाडी रस्त्यावरून काढली, बेसमेंटला लावली, नवव्या मजल्यावर येऊन बायकोला म्हटलं, "आता पडू दे काय पडायचं ते."

पडलं ते असं: अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर. अमिरातीत 1949 पासून पावसाची नोंद आहे, त्यातला हा सगळ्यात मोठा. आता चिपळूणच्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. जुलैत आमच्याकडे एवढा एका दिवसात कधी कधी पडतो आणि संध्याकाळी लोक भजी खात बसलेले असतात. मीही हसलो असतो. पण इथे वर्षाचा पाऊसच जेमतेम 100 मिलिमीटर, तोही हिवाळ्यात चार-सहा सरींत विभागून.

म्हणून नव्याने इथे आलेल्या मराठी मंडळींना, त्यातही कोकण, कोल्हापूर, मुंबईकडच्या पाऊसवाल्यांना, पहिली सूचना हीच की आपलं पावसाचं ज्ञान विमानतळावर उतरवून ठेवा. आपल्याकडे जमिनीला पाण्याची सवय असते. पर्‍हे आहेत, ओढे आहेत, मोर्‍या आहेत, पन्हळीखालचं गटार आहे, आणि शेवटी सगळं घेऊन जाणारी नदी आहे. इथे यातलं काहीच नाही. जमीन सपाट, समुद्राच्या पातळीला जवळजवळ टेकलेली. आम्ही पाया खणायला घेतो तेव्हा दोन-तीन मीटरवर खारं पाणी लागतं आणि ते उपसायला रात्रंदिवस पंप चालू ठेवावे लागतात. वाळू पाणी पिते हेही अर्धंच खरं. वरचा थर दगडासारखा घट्ट झालेला असतो, आणि खालची ओल आधीच वरपर्यंत आलेली असते. त्यावर डांबर आणि काँक्रीट. पडलेलं पाणी तिथेच बसतं. आमच्या गल्लीत पाऊस एक दिवस पडला आणि पाणी आठवडाभर राहिलं. तेव्हा तयारी करायची ती पावसाची नव्हे, साचलेल्या पाण्याची.

इशारा आला की

राष्ट्रीय हवामान केंद्राचं ॲप फोनवर घ्या. पिवळा, नारिंगी, लाल असे तीन रंग येतात. आपल्याकडे पिवळ्याला कोणी भीक घालत नाही. इथे पिवळा आला की मी बाल्कनीची जाळी साफ करतो. नारिंगीला गाडी हलवायची आणि पाणी भरायचं. लाल आला तर घराबाहेर पडायचं नाही, मग साहेब काहीही म्हणो. त्या वेळी सरकारी कचेर्‍या घरून चालल्या, शाळा ऑनलाइन झाल्या. खासगी कंपन्यांना मात्र सांगण्यात आलं होतं ते विनंतीवजा. तुमचा साहेब "बघू या, निघ तर खरा" असं म्हणाला, तर ते मेसेजवर लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक साहेबांना पाऊस दिसायला लागतो.

मोठा पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च या काळातला, पण त्यावर विसंबू नका. 2024 चा एप्रिलात, ईदच्या सुट्टीनंतर कचेर्‍या उघडल्या त्याच आठवड्यात आला. फुजैराला जुलै 2022 मध्ये, भर उन्हाळ्यात, पूर आला आणि सात माणसं गेली.

आणि तुमच्या ग्रुपवर कोणीतरी लगेच पाठवेलच, की हे सगळं विमानातून ढगांत मीठ फवारल्यामुळे झालं. फवारणी इथे होते हे खरं आहे, वर्षानुवर्षं होते. पण त्या वादळाच्या वेळी फवारणी केली नाही असं हवामान केंद्राने सांगितलं, आणि नंतर शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने तपासून त्याचा काही लक्षणीय परिणाम नव्हता असंच म्हटलं. कमी दाबाचा पट्टा, अरबी समुद्रावरून आलेली ओल, वर एल निनोचं वर्ष. ज्या ढगांनी ओमानपासून दुबईपर्यंत पाणी पाणी केलं, ते चार विमानांनी बनवले असं मानणं म्हणजे त्या विमानांना फारच मोठेपणा देणं झालं.

बाल्कनी, खिडकी, गच्ची

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाल्कनीच्या कोपर्‍यात पाणी जायचं एक भोक असतं, वर जाळी. वर्षभर त्यात काय जातं? वाळू, कबुतराची पिसं, कुंडीतली माती, शेजार्‍याच्या सिगारेटची थोटकं. याचा मिळून एक राखाडी लगदा होतो, आणि कोरडा असतो तोवर तो दिसतही नाही. जाळी स्क्रू ड्रायव्हरने उचका, हातमोजा घाला आणि दोन बोटं आत घालून लगदा काढा. पाणी मारून आत ढकलू नका, तो पाइपच्या वळणात जाऊन बसतो आणि मग माझ्यासारख्याला बोलवावं लागतं. काढून झाल्यावर एक बादली पाणी ओता. गोल गोल भोवरा करत गेलं पाहिजे. रेंगाळलं तर खालच्या पाइपमध्ये अडलंय, तेव्हा आजच नातूरला सांगा. (नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन. हा शब्द इथे पहिल्या दिवसापासून लागेल.)

मग सरकत्या खिडक्या. खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत, म्हणजे ज्यात काच सरकते त्या खाचेत, बाहेरच्या बाजूला बारीक चिरा ठेवलेल्या असतात. खाचेत आलेलं पाणी त्यातून बाहेर पडावं म्हणून. इथल्या वाळूने त्या वर्षभरात लिंपल्या जातात. मग खाच भरते आणि पाणी आतल्या बाजूने, थेट तुमच्या सोफ्यावर. जुना टूथब्रश आणि एक टूथपिक घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. 16 तारखेला मी ज्या तीसेक घरांत गेलो त्यांतल्या अर्ध्याअधिक घरांत काच शाबूत, सिलिकॉन शाबूत, आणि तरी हॉलमध्ये पाणी होतं. लोक खिडकीच्या वर गळती शोधत होते. पाणी खालून येत होतं.

तरी आलंच, तर जुने टॉवेल पिळ्यासारखे गुंडाळून खाचेला आतून लावा आणि त्यांचं एक टोक बादलीत सोडा. टॉवेल पाणी ओढून बादलीत टाकतो. नुसते अंथरून ठेवलेले टॉवेल दहा मिनिटांत भरतात आणि मग तुम्ही रात्रभर पिळत बसता.

छतातल्या एसीच्या जाळीतून पाणी ठिबकायला लागलं, तर एसी बंद करा आणि डीबीवरचा (घरातल्या विजेच्या स्विचपेटीवरचा) त्याचा ब्रेकर खाली करा. ईएलसीबी (वीज गळाली की आपोआप पडणारी खटकी) पडली तर ती एकदा वर करून बघा. पुन्हा पडली, तर हात जोडा आणि सोडून द्या. कुठेतरी पाणी तारेपर्यंत पोचलंय हेच ती सांगत असते. लोक काय करतात, ती दाबून धरतात, वर चिकटपट्टी लावतात! मी पाहिलंय.

शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर गच्ची तुमचीच समजा. इथल्या गच्च्या सपाट, उताराच्या नावाने बोंब, चारी बाजूंनी कठडा आणि पाणी जायला तीन-चार तोंडं. आमच्या एका बिल्डिंगच्या गच्चीवरच्या तोंडातून मी थर्माकोलचे तुकडे, कबुतराचं अख्खं घरटं आणि एक टेनिस बॉल काढलाय. त्या दिवशी नातूर धावत खाली आला होता, "साब, ऊपर स्विमिंग पूल हो गया!" हिशोब करून बघा: 400 चौरस मीटरची गच्ची, त्यावर वीतभरही नाही, 10 सेंटीमीटर पाणी, म्हणजे 40 टन. हे वजन डोक्यावर घेऊन तुम्ही झोपता. म्हणून नारिंगी इशारा आला की नातूरबरोबर वर जा, तोंडं साफ आहेत का हे डोळ्यांनी बघा. आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते हे आधी विचारून ठेवा. मी राहतो त्या बिल्डिंगची किल्ली मालकाच्या ऑफिसात होती, आणि ऑफिस पाण्यापलीकडे.

गाडी

बेसमेंटमध्ये नाही. पुन्हा सांगतो, बेसमेंटमध्ये नाही. रस्त्यावर पाणी भरलं की रॅम्प म्हणजे नुसती घसरगुंडी. आमच्याकडे संप पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात जमलेलं पाणी उपसणारे) दोन्ही चालू होते, मी स्वतः खाली उभा होतो. ते बेसमेंटचं पाणी उचलून बाहेर रस्त्यावर टाकत होते आणि रस्ता तेच पाणी रॅम्पवरून परत पाठवत होता. अर्धा तास मी हा खेळ बघितला. मग इलेक्ट्रिक रूमच्या उंबर्‍याला पाणी लागलं, मेन बंद करायला लावला आणि आम्ही वर पळालो. गाडी काढायला वेळ होता का? होता. पण त्या वेळी रॅम्पवर गुडघाभर पाणी उलटं येत होतं, आणि गाडीसाठी बेसमेंटमध्ये उतरणार्‍याला मी नोकरी म्हणूनही अडवतो. माझा नियम मलाच लागला.

वाळूच्या मोकळ्या प्लॉटवरही लावू नका. तिथे फुकट पार्किंग मिळतं म्हणून आपण सगळेच लावतो, पण ते प्लॉट रस्त्यापेक्षा खोलगट असतात. पहिल्यांदा तेच भरतात आणि शेवटी सुकतात. बहुमजली पार्किंगचा पहिला मजला किंवा त्याच्या वर कुठेही चालेल, चार पैसे गेले तरी जाऊ देत. नाहीतर पुलाच्या चढाजवळची उंच बाजूची गल्ली. आपल्या भागात पाणी कुठे साचतं हे साधी सर आली तरी दिसतं. तेव्हा चहाचा कप घेऊन खाली जा आणि बघून ठेवा.

गाडी बुडालीच, तर हात लावू नका. हे सगळ्यात कठीण. पाणी उतरलं की प्रत्येकाला एकदा चावी फिरवून बघायचा मोह होतो. इंजिनात पाणी असताना फिरवलंत, तर दुरुस्त होण्यासारखी गाडी भंगारात जाते आणि विमा कंपनीला नकाराचं कारण आयतं मिळतं. आमच्या मजल्यावरच्या एका शेजार्‍याने फिरवली. "फक्त दोन सेकंद," म्हणाला. त्याचा दावा फेटाळला गेला. माझ्याकडे आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने पहिला प्रश्न हाच विचारला होता, चालू केली होती का?

क्रम असा ठेवा. पाणी असतानाच फोटो काढा, नंबरप्लेट आणि पाण्याची रेघ एकाच फोटोत येईल असा. उतरल्यावर आतले फोटो, सीटवरची रेघ, डॅशबोर्ड. मग पोलिसांचं नुकसानीचं प्रमाणपत्र. दुबईत ते पोलिसांच्या ॲपवरच अर्ज करून मिळतं, इतर अमिरातींत आपापल्या पोलिसांकडे. ते असल्याशिवाय विमा कंपनी तुमच्याशी नीट बोलणार नाही. मग विमा कंपनीला फोन, आणि त्यानंतर ईमेलसुद्धा, कारण फोनवर झालेलं बोलणं महिन्याने कोणालाच आठवत नाही. रिकव्हरी गाडी (बंद गाडी उचलून नेणारी) विमा कंपनीच्या सांगण्यावरून बोलवा. स्वतः बोलावलीत तर पावती सांभाळा. त्या आठवड्यात रिकव्हरीवाले तोंडाला येईल तो भाव सांगत होते.

तुमचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर यातलं काहीच लागू नाही. पुढच्या वेळी मुल्किया (गाडीचं नोंदणीपत्र) रिन्यू करताना दोन-चारशे दिरहम वाचवायचा विचार मनात आला, तर माझी गाडी आठवा. काँप्रिहेन्सिव्ह असेल तरी पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे का हे बोट ठेवून वाचा. माझं होतं. गाडी टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडची) धरली गेली, पैसे आले, पण त्याला अडीच महिने लागले आणि तोवर मी करकच्या (इथल्या कडक दुधाच्या चहाच्या) टपरीवर उभा राहून कंपनीच्या व्हॅनची वाट बघत असे.

पाण्यातून गाडी चालवायची वेळ आली तर? समोरच्या गाडीचं अर्धं चाक दिसत नसेल तर वळा. अंडरपासमध्ये तर घालूच नका. त्या दिवशी शेख मोहम्मद बिन झायेद रोडसारख्या बारा-चौदा पदरी रस्त्यावर लोक गाड्या सोडून चालत गेले होते. मोठा रस्ता म्हणजे उंच रस्ता, असं नसतं.

पाणी भरून ठेवा, पाण्यातच राहायचंय

बुधवारी रामनवमी होती. सकाळी आईचा फोन. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा मी इथून रात्रभर फोन लावत होतो आणि लागत नव्हता. या वेळी ती लावत होती.

"अरे, वाळवंटात पूर कसला?"

म्हटलं, आलाय खरा.

"तांदूळ-पीठ वर ठेवलंस का?"

"आई, मी नवव्या मजल्यावर आहे."

"मग पाणी भरून ठेव. पुरात सगळं मिळतं, पाणी मिळत नाही."

ती हे सांगत होती तेव्हा आमच्या नळाला पाणी होतं. दुपारी गेलं. मला, म्हणजे पंपवाल्याला, हे कळायला हवं होतं. इथल्या बिल्डिंगांत पाणी आधी तळातल्या टाकीत येतं, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं. पंपघर बहुधा तळाशी किंवा बेसमेंटला. बेसमेंट बुडालं की पंप गेला, पण गच्चीवरची टाकी भरलेली असल्यामुळे पहिला दिवस नळ धो धो वाहतो आणि लोक निवांत अंघोळी करतात, कपडे धुतात. दुसर्‍या दिवशी ठणठणाट. त्यात तळातली टाकी जमिनीखाली असेल तर झाकणातून बाहेरचं घाण पाणी तिच्यात शिरतं. नंतर पंप चालू झाले तरी टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून धुतल्याचं नातूरकडून खात्रीने कळेपर्यंत ते पाणी तोंडात घालू नका.

तेव्हा नारिंगी इशार्‍यालाच भरा. बादल्या, टब, पातेली, वॉशिंग मशीनचा ड्रमसुद्धा चालतो, संडासाला उपयोगी. पिण्याला पाच गॅलनच्या बाटल्या माणशी एक तरी. एकीत साधारण 19 लिटर मावतं. ती लिफ्ट चालू आहे तोवर वर आणा. मी दोन बाटल्या नऊ मजले चढवल्या, दुसरी चढवताना पाचव्या मजल्यावर बसलो आणि तिथल्या केरळी मावशींनी न विचारता लिंबूपाणी दिलं. पाच दिवस लिफ्ट नव्हती. चौथ्या मजल्यावर एक आजोबा होते, त्यांची औषधं, दूध, भाजी आणून द्यायचं काम आम्ही मुलांना वाटून दिलं होतं. आपल्या मजल्यावर म्हातारं माणूस, गरोदर बाई, घरी ऑक्सिजन घेणारा कोणी आहे का, हे आधी माहीत हवं. वीज गेल्यावर दारं ठोठावून विचारण्यात वेळ जातो.

बाकी सामान सांगायला नको: टॉर्च, पॉवर बँक, न शिजवता खाता येईल असं चार दिवसांचं. चिवडा, शेंगदाणा चटणी, खजूर आणि खाकरे यांवर आमचे दोन दिवस सहज निघाले. गॅस सिलिंडरचा असेल तर शिजेल. बर्‍याच बिल्डिंगांत आता विजेच्या शेगड्या असतात, तिथे हा विचार करा. पासपोर्ट, मुल्कियाची प्रत, भाडेकरार एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. थोडी रोकड. खालच्या बकालावाल्याचं (किराणा दुकानदाराचं) कार्डाचं मशीन वीज नसताना चालत नाही, तो मात्र उधारीवरही देतो, कारण तुम्ही कुठे पळून जाणार, चारी बाजूंनी पाणी.

बाहेर पाऊल टाकताना

शारजात लोक हवेच्या गाद्यांवर बसून, रबरी होड्यांतून गल्ल्या ओलांडत होते. फोटोत मजेशीर दिसतं. त्या पाण्यात ड्रेनेजचं पाणी मिसळलेलं होतं, मॅनहोलची झाकणं उचलली गेली होती. जावंच लागलं तर बूट घालून जा, चपला नकोत, हातात काठी घ्या आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी ती टोचून बघा. रस्त्याच्या दिव्याच्या खांबाला, मीटरच्या पेटीला हात लावू नका. पायाला जखम असेल तर उतरूच नका. लेप्टो (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरला "मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो" हे वाक्य आठवणीने सांगा.

बेसमेंट उपसायला कोणी पेट्रोल-डिझेलचा पंप आणला तर तो वर मोकळ्यावर ठेवायचा आणि फक्त नळी खाली सोडायची. बंद जागेत त्याचा धूर माणूस मारतो, आणि वासावरून कळत नाही. रस्त्यावरचं पाणी उतरलं नसेल तर उपसायची घाईही नको, चाळणीत पाणी भरण्यासारखं आहे. आधी रॅम्पच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या दोन थरांत लावा, मध्ये प्लॅस्टिकचं कापड.

वादीत जाऊ नका

हे खास आपल्या लोकांसाठी. पाऊस पडला की आपल्याला धबधबा बघायचा असतो, रक्तातच आहे ते. इथेही पाऊस थांबला की हत्ता, शौका, मसाफी अशा डोंगराळ भागांकडे गाड्यांची रांग लागते. वादी म्हणजे डोंगरातला कोरडा ओढा, आणि त्यात पाणी येतं ते तुमच्या डोक्यावर पडलेल्या पावसाचं नव्हे, वीस किलोमीटर मागे डोंगरावर पडलेल्याचं. तुमच्याकडे ऊन, आणि वळणावरून दगडगोटे लोळवत भिंतीसारखं पाणी. एप्रिल 2024 च्या त्याच पावसात रास अल खैमात एक वृद्ध गृहस्थ गाडीसकट वाहून गेले. शेजारी ओमानमध्ये शाळकरी मुलं गेली.

आणि जिवाची भीती वाटत नसेल, तर निदान खिशाची बाळगा. 2023 पासून नियम असा आहे, की पाणी वाहत असलेल्या वादीत गाडी घातली तर 2,000 दिरहम दंड, लायसन्सवर 23 ब्लॅक पॉइंट (नियमभंगाचे गुण) आणि गाडी 60 दिवस जप्त. नुसतं काठावर बघत गर्दी केली तरी 1,000 दिरहम आणि 6 पॉइंट. 24 पॉइंटला लायसन्स जातं, हे ज्याने इथलं लायसन्स चौथ्या टेस्टला मिळवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

विमान असेल तर थोडक्यात: एअरलाइनचा मेसेज आल्याशिवाय घर सोडू नका. दुबई विमानतळावर तेव्हा हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, धावपट्टीवर पाणी होतं, आणि पोचलेले लोक ना घरी जाऊ शकत होते ना विमानात.

पाणी उतरल्यावर

खिडक्या उघडा. एसी लावून बसू नका, आधी डक्ट सुकलाय का बघा. जिप्समच्या छताला पिवळा डाग आणि फुगवटा दिसला, तर रंग मारून झाकू नका. मधोमध स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून खाली बादली धरा, साचलेलं निघून जाऊ द्या, आणि मग तेवढा तुकडा कापून बदला. भिजलेली गादी उन्हात दोन दिवसांत कोरडी वाटते, पण आतून कुजते, टाकून द्या. इथल्या दमट हवेत बुरशी आठवड्यात भिंतीवर काळी रांगोळी काढते. ब्लीच पाण्यात मिसळून पुसा, आणि दुसरं कुठलंही क्लीनर त्यात घालू नका, घातक वायू होतो. कुंड्यांच्या बशा रिकाम्या करा. डास येतातच, आमच्याकडे तर आले आणि मे संपेपर्यंत राहिले.

घरमालकाला सगळं लेखी कळवा, फोटोसकट. दुरुस्ती कोणी करायची यावर वाद होणार. भिंत, छत, पाइप त्याचं, तुमचं सामान तुमचं, असा साधारण हिशोब असतो, पण करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.

दुबईने त्यानंतर जून 2024 मध्ये पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी तसरीफ नावाची 30 अब्ज दिरहमची योजना मंजूर केली, जमिनीखालून बोगदे, 2033 पर्यंत पूर्ण व्हायची आहे. चांगलीच गोष्ट. पण ती दुबईची, आणि मी राहतो शारजात.

फ्रिजच्या दारावर कागदावर लिहून चिकटवा, कारण फोन नेमका तेव्हाच बंद पडतो: पोलीस 999, ॲम्ब्युलन्स 998, अग्निशमन आणि बचाव 997. त्याखाली नातूरचा नंबर. आमच्या गच्चीच्या किल्लीची एक प्रत आता माझ्या दाराआड खिळ्याला लटकलेली असते, दुसरी चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडे. ते कुठेही जात नाहीत, म्हणून.